बिनचामड्याचं डफडं

मी बनवलेल्या मशीनला पहिली लाथ माझ्या बापानं मारली. दुसरीही त्यानंच मारली असती, पण मी मध्ये पाय घातला आणि ती माझ्या नडगीवर बसली. आमच्या घरात भांडण असंच व्हायचं. आधी हातपाय चालायचे, मग तोंड. बा रागीट होता आणि मी त्याच्यापेक्षा रागीट निघालो, हे माय येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ते कौतुकानं सांगायची की तक्रारीनं, हे मला कधी कळलं नाही.

मशीन म्हणजे एक पेटी होती. बंद पडलेल्या व्हॉल्व्ह रेडिओचा लाकडी सांगाडा, आत तारा, ट्रान्झिस्टर, कंडेन्सर, आणि पुढच्या बाजूला काही बटणं. बटण दाबलं की पेटीतून डफडं वाजायचं. वाजवायला माणूस नको, काड्या नकोत, चामडं नको, ते शेकायला जाळ नको. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मुंबईच्या स्टुडिओत तसली विलायती यंत्रं असतीलही, पण मंगरूळपीरहून आसेगावकडे जाताना आत वळलं की जे गाव लागायचं, तिथे नव्हती. आज त्या भागाला वाशीम जिल्हा म्हणतात. तेव्हा सगळं अकोल्यातच धरायचे, आणि अकोल्यालाही आम्ही आहोत याचा पत्ता नव्हता.

बाला त्या पेटीचा एवढा राग का आला, हे सांगायचं तर मागे जावं लागेल.

बा डफडं वाजवायचा. खरं म्हणजे त्याच्याकडून वाजवून घ्यायचे. गावात लग्न निघालं, देवीची मिरवणूक निघाली, पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले, की आमच्या वस्तीला हाक यायची. त्या हाकेला नाही म्हणायची पद्धत नव्हती. मिरवणुकीच्या पुढे, अनवाणी, उन्हातान्हात वाजवत चालायचं, आणि शेवटी उरलंसुरलं जे वरून पडेल ते धोतराच्या सोग्यात झेलायचं. बाच्या हाताला पंचक्रोशीत नाव होतं. उजव्या हातात आखूड जाड काडी, डाव्या हातात लांब बारीक काडी, आणि तो वाजवायला लागला की बैलसुद्धा मान हलवतात म्हणे. बैलांचं मला माहीत नाही. मी त्याच्या पायाशी बसून मान हलवायचो एवढं आठवतं.

छप्पन साली आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली. घरातले देव नाल्यात सोडले, मेलेली ढोरं ओढणं बंद केलं आणि डफडी मोडली. मी सहा वर्षांचा होतो. बानं आपलं डफडं अंगणात आणलं आणि कुऱ्हाडीनं फोडलं. एका घावात काम झालं असतं, पण तो घालतच राहिला. कडं मोडलं, चामड्याच्या चिंध्या झाल्या, खालची जमीन उकरली गेली तरी थांबेना. शेवटी मायनं त्याच्या कमरेला मिठी मारली.

पुढच्या पोळ्याला नेहमीसारखी हाक आली. बा गेला, पण हात हलवत गेला. मारोतीच्या पारासमोर बैलांच्या जोड्या उभ्या होत्या, पाटील पारावर बसला होता. बा त्याच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पाटील, आता आमी वाजवत नाई."

चारदोन माणसांनी त्याला धरलं. त्याचा डावा हात पाराच्या दगडावर ठेवला आणि कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं त्याची बोटं ठेचली. मी मायच्या लुगड्याआडून पाहत होतो. बा ओरडला नाही. ओरडली ती माय. त्या हाताची बोटं पुढे वाकडीच जुळली. नांगराची मूठ धरता यायची, विडी धरता यायची नाही. आपल्या घरातलं कुणी पुन्हा त्यांच्या दारात वाजवणार नाही, असं तो त्या दिवशी म्हणाला आणि पुढे त्यावर कधीही बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती. तो हात रोज आमच्या समोर भाकर मोडायचा.

तेव्हापासून पोळा म्हटला की आम्ही आधीच धोंडे गोळा करून ठेवायचो. गाववाले दुसऱ्या गावातून वाजवणारे आणायचे, बैल मिरवायचे, आणि तोरण तुटून पोळा फुटला की दारू पिऊन आमच्या वस्तीकडे वळायचे. दर पोळ्याला कुणाचं तरी डोकं फुटायचं, कुणाच्या तरी घरावरची कवेलू फुटायची. माझा वरचा दात एका पोळ्याला गेला. एका पोळ्याला मी धोंडा मारून एकाचं कपाळ फोडलं, तर त्याचा सूड म्हणून दुसऱ्या दिवशी आमच्या शेळीचे पाय मोडले. लोक पोळ्याला पुरणपोळी आठवतात. मला ती शेळी आठवते.

मी मॅट्रिकला आपटलो आणि मंगरूळपीरला एका जैन शेटजींच्या रेडिओच्या दुकानात चिकटलो. शेटजी मोठा सज्जन माणूस. दुकानात मुंगी निघाली तर कागदावर घेऊन बाहेर सोडायचे, पण माझ्यावर जीभ चालवताना त्यांना दयामाया आठवायची नाही. मी तापट, ते थंड, त्यामुळे आमचं जमलं. गिऱ्हाईकानं अरेरावी केली की मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उठायचो आणि शेटजी माझी कॉलर धरून खाली बसवायचे. त्यांच्याकडे मी तारा जोडायला कथलाचा डाग द्यायला शिकलो, मीटर वाचायला शिकलो, आणि शिव्या मनातल्या मनात द्यायला शिकलो.

एकदा कारंज्याला ऑर्केस्ट्रा आला होता. त्यांच्याकडे एक जपानी पेटी होती, गाण्याच्या मागे आपोआप ठेका धरणारी. ती कार्यक्रमाच्या आधीच बंद पडली आणि कुणीतरी ती आमच्या दुकानात आणून टाकली. मी झाकण काढलं आणि दिवसभर जेवलो नाही. दोष किरकोळ होता, एक तार सुटली होती. पण मी ती तार लगेच जोडली नाही. आधी आत काय काय आहे ते कागदावर उतरवून घेतलं. शेटजी दोनदा डोकावून गेले. म्हणाले, "अरे, रेडिओ दुरुस्त कराले ठेवलं तुले, तू तं जादूगार होऊन राह्यला."

जादू त्यात काहीच नव्हती. एक ट्रान्झिस्टर असा जोडायचा की तो आवाज करायच्या अगदी काठावर येऊन थांबतो, काठोकाठ भरलेल्या बादलीसारखा. वरून विजेचा छोटा धक्का दिला की तो एकदा घुमतो आणि विझतो. तोच ठोका. दुसरा ट्रान्झिस्टर उलटा जोडला की तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा फसफसतो. त्यातला बारीकसा तुकडा कापून घेतला की काडीचा चटका मिळतो. बाकीचं सगळं काम एवढंच, की कुठला ठोका कधी पडायचा ते ठरवणं.

जपानी पेटीत त्यांचे ठेके होते. मला ते नको होते. मला कशासाठी माहीत नाही, पण एकच ठेका हवा होता.

मोडक्या रेडिओतले ट्रान्झिस्टर काढून, अकोल्याच्या भंगारातून कंडेन्सर वेचून मी वर्षभर त्या पेटीत डोकं घातलं. आधी पेटीतून बेडूक बोलायचा. मग पत्र्याचा डबा. मग एक दिवस दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना मी एक बटण जरासं फिरवलं आणि आतून बाचं डफडं वाजलं. मी ते लगेच बंद केलं आणि उगाच दारापर्यंत जाऊन रस्ता पाहून आलो.

सुटीच्या दिवशी पेटी घरी नेली. माय चुलीपुढे होती. मी बटण दाबलं. तिच्या हातातली भाकर काटवटीत तशीच राहिली.

"हे तं तुह्या बापाचं डफडं होय," ती म्हणाली. आणि लगेच, "बंद कर. त्याले आइकू देऊ नको."

पण बा दारातच उभा होता.

"काहून वाजवलं हे माह्या घरात?"

"म्या नाई वाजवलं. मशीन वाजते."

"मशीन कोनं बनोली?"

"म्या."

"मंग कोनं वाजवलं?"

आमच्या घरात यापुढे काय होतं ते मी सांगितलंच आहे. पेटी भिंतीवर आपटली, माझी नडगी सुजली, मी बाच्या छातीवर हात ठेवून त्याला ढकललं आणि तो कणगीवर जाऊन पडला. माय दोघांनाही शिव्या देत राहिली. पेटीला फक्त एक टवका गेला होता. मी ती उचलून दुकानात परत नेली आणि महिनाभर घरी फिरकलो नाही.

त्या वर्षी पोळ्याच्या तोंडावर गावाची पंचाईत झाली. बाहेरगावचे वाजवणारे यायला तयार होईनात. त्यांच्याही पोरांना कळायला लागलं होतं. लाऊडस्पीकरवर सिनेमाच्या रेकॉर्डी लावता आल्या असत्या, पण डफडं वाजल्याशिवाय तोरण तुटत नाही, अशी गावाची समजूत. पाटील रेडिओ दुरुस्तीला घेऊन दुकानात आला तेव्हा माझी पेटी बाकावर चालू होती. हा तोच पाटील, मिशा आता पांढऱ्या झालेल्या. तो दारातच थबकला.

"हे काय वाजून राह्यलं बे?"

मी सांगितलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, "हा तं तुह्या बापाचा हात हाय."

मला त्याचा गळा धरावासा वाटला. ज्यानं तो हात ठेचायला लावला, त्याला तो हात ओळखू येत होता. पण शेटजींची नजर माझ्यावर होती, म्हणून मी मीटरची वायर गुंडाळत बसलो.

"पोळ्याले आन ही पेटी," पाटील म्हणाला.

आता इथे मी काय विचार केला ते सांगतो, आणि आजही म्हणतो की विचार वेडगळ नव्हता. मला वाटलं, यांना ठोका पाहिजे ना? घ्या ठोका. लाकडाची पेटी घ्या, तारा घ्या, आणि आमच्या माणसांना सोडा. एकदा मशीन वाजवायला लागलं की आमच्या वस्तीला हाक मारायचं कारणच उरणार नाही, आणि हाक नाही तर नकार नाही, नकार नाही तर मार नाही.

"मानूस लागत नाई याले, पाटील," मी म्हणालो. "बटन दाबलं की झालं. तुमचा पोट्टा दाबन."

"मानूस लागत नाई?" तो हसला. "मंग तं बरंच हाय."

"पन वस्तीवर कोनी येनार नाई. पोळ्याच्या दिवशी, अन् नंतरबी."

"कोन कायले येईन?" पाटील म्हणाला.

बाला हे कुणीतरी सांगितलं. तो गावाहून मंगरूळपीरला चालत आला, दुकानासमोर उभा राहिला आणि मला बाहेर बोलावलं. मला वाटलं मारणार. मी तयारीतच गेलो. पण तो हात मागे बांधून बोलला.

"त्यायच्या दारात वाजलं म्हंजे आपन वाजवलं."

"बटन पाटलाचा पोट्टा दाबनार हाय, बा. आपला संबंध नाई."

"तुले हे लोक समजत नाईत."

"अन् तुले समजतात? वीस वर्सं मार खाऊन राह्यलास!"

एवढं बोलल्यावर मात्र त्यानं मारली. कानशिलात, भर रस्त्यावर. मीही त्याची बंडी धरून फाडली. शेटजी मध्ये पडले, त्यांचा चष्मा खाली पडून फुटला, आणि चष्म्यापायी आम्ही दोघांनी हात आवरले. बा फाटक्या बंडीनं तसाच परत गेला.

पोळ्याच्या दिवशी मी पेटी, अॅम्प्लिफायर, भोंगा आणि बॅटरी बैलगाडीत घालून गावात आणली. पारासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं होतं. जोड्या येऊन उभ्या राहत होत्या, शिंगांना बेगड, अंगावर झुली, गळ्यात घुंगरमाळा. पोरं झडत्या म्हणत होती, पोळ्याची ती एकमेकांना डिवचणारी कवनं. मी पारावर भोंगा बांधला, तारा जोडल्या, पाटलाच्या मुलाला बोलावलं आणि सांगितलं, "हे बटन दाबायचं. हे फिरवलं की ठोका जलद. बस."

त्यानं हात मागे घेतला. माझ्याच वयाचा तगडा गडी, पण निखारा पुढे केल्यासारखा मागे सरकला.

"आमी डफड्याले हात लावत नाई."

"डफडं कुठी हाय याच्यात? लाकूड हाय, तार हाय. पाहून घे, चामड्याचा एक धागा सापडला तं सांग."

पोरगं बापाकडे पाहायला लागलं. पाटील पारावरून खाली उतरला. त्यानं पेटीभोवती एक फेरी मारली, हात न लावता.

"चामडं नाई, कबूल," तो म्हणाला. "पन आवाज कायचा हाय?"

मी पेटी माझ्याकडे ओढली.

"आवाज चामड्याचा हाय ना? मंग वाजवन तोच, ज्याचं ते काम हाय. चपला काढ. पेटी डोक्यावर घे अन् मानाच्या जोडीच्या पुढी चाल."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यांना ठोका नको होता. यांना ठोक्याखाली आमचं डोकं पाहिजे होतं. मशीन विजेवर चालो, हवेवर चालो, अमेरिकेतून येवो, ते वाहायला आमचा माणूस लागणार होता, अनवाणी, पुढे चालणारा. बाला हे ठाऊक होतं. मला ते कळायला वर्षभर डाग द्यावे लागले.

"तुमच्या बैलाच्या शेपटीले बांधा हे मशीन," मी म्हणालो.

पहिला ठोसा पाटलाच्या मुलाचा होता. मी तो तोंडावर घेतला आणि त्याच्या पोटात डोकं घातलं. आम्ही दोघं तोरणाखाली लोळलो. मग बाकीचे आले. काठ्या, चाबूक, वेसणीच्या दोऱ्या, ज्याच्या हाताला जे लागेल ते. माझ्या तोंडात कुणाचा तरी कान आला आणि मी तो चावला, जोरात. त्याची किंकाळी भोंग्याशिवाय गावभर गेली. चौघांनी मला उचलून पाराशी उभं केलं आणि हात पाठीमागे पिरगाळले.

आणि तेवढ्यात बा आला. हातात काठीसुद्धा नव्हती. गर्दीनं त्याला वाट दिली, कारण त्यालाच तर बोलवायचं होतं.

"सांग तुह्या पोट्ट्याले," पाटील म्हणाला. "पेटी डोक्यावर घे म्हनाव. नाई तं तुहा उजवा हात अजून साबूत हाय."

कुणीतरी कुऱ्हाड आणली. दोघं बाला धरायला पुढे झाले. त्यानं त्यांना झटकलं, आपल्या पायांनी पाराजवळ गेला, खाली बसला आणि उजवा हात दगडावर ठेवला. बोटं पसरून, भाकर थापताना पसरतात तशी.

"घे," तो पाटलाला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा पाटलाला अरेतुरे. "हाबी घे. पन माह्या घरातलं कोनी तुह्या बैलापुढी वाजवनार नाई."

कुऱ्हाडवाल्यानं पाटलाकडे पाहिलं. पाटलानं मान हलवली. मला आजही त्या कुऱ्हाडीचा दांडा दिसतो, नवा होता, बाभळीचा, त्याची साल नीट काढलेली नव्हती.

"थांबा!" मी ओरडलो. "वाजवतो. सोडा मले."

हात सुटले. कुणीतरी शिट्टी मारली, पोरांनी झडती म्हणायला सुरुवात केली. मी चपला काढल्या. तारा सोडवल्या आणि पेटी उचलून डोक्यावर घेतली. बानं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं कुठल्याही बापानं आपल्या मुलाकडे पाहू नये. मार सगळे विसरलो मी, ती नजर विसरलो नाही.

मी पारापर्यंत चालत गेलो आणि पेटी दोन्ही हातांनी डोक्यावरून दगडावर हाणली. बाच्या हातापासून वीतभर अंतरावर. सांगाडा फुटला. मी परत उचलून परत हाणली. मग जे उरलं होतं त्यावर अनवाणी नाचलो, तळव्यात ढलप्या आणि तारा घुसल्या तरी नाचलो. वर्षभराचं माझं सगळं काम पायाखाली करकरत होतं आणि मी शिव्या देत होतो, पाटलाला, बैलांना, जपानी पेटीला, स्वतःला.

"आता वाजवा!" मी ओरडलो. "कोनाले वाजवाचं हाय ते वाजवा!"

हात तोडायची धमकी द्यायची तर कशासाठी? वाजवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कुऱ्हाडवाला कुऱ्हाड खाली करून उभा राहिला. मग पाटलाच्या मुलानं मला लाथ घातली आणि सगळे तुटून पडले. पण तो नुसता रागाचा मार होता, त्यात कुणाला वाकवायचा हिशेब नव्हता. बा माझ्या अंगावर पडला आणि काठ्या त्याच्या पाठीवर, डोक्यावर, डाव्या दंडावर पडू लागल्या. मी खालून एकाच्या पोटरीला धरून ओढलं, तो पडला, त्याच्या पायांत दुसरा. त्या गोंधळात मानाची जोडी बिथरली. बैलांनी वेसणी तोडल्या आणि शिंगं खाली घालून ते गर्दीत घुसले, झुली लोंबकळत, घुंगरं खणखणत. तोरणाचा खांब मोडला. डफड्यावाचून तुटत नाही म्हणत होते ते तोरण बैलांनीच तुडवलं. माय आणि वस्तीतल्या बाया धोंडे घेऊन आल्या तेव्हा पारासमोर आम्ही दोघंच पडलो होतो, आणि पाटील एका जनावराच्या भीतीनं मारोतीच्या देवळात शिरून दार लावून बसला होता.

आम्हाला बैलगाडीत घालून मंगरूळपीरच्या दवाखान्यात आणलं. माझा जबडा हलला होता, दोन बरगड्या गेल्या होत्या, तळव्यांतून तारांचे तुकडे काढले. बाच्या डोक्याला टाके पडले आणि डावा दंड मोडला. आम्हाला शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. शेटजी येऊन गेले, दूध ठेवून गेले, आणि दोघांच्या मध्ये उभं राहून म्हणाले, "आता इथं तरी भांडू नका." भांडायला आम्ही बोलत होतो कुठे? बा छताकडे पाहत पडायचा आणि मी भिंतीकडे.

माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगतो. मला वाटत होतं, तो आता म्हणेल, मी सांगितलं होतं. ते त्यानं म्हटलं असतं तर मी खाटेवरून उठून गेलो असतो, बरगड्या गेल्या खड्ड्यात. आणि तो काहीच बोलला नाही याचाही मला संताप होत होता. मी माझी पेटी फोडली होती. त्याच्या हातासाठी फोडली होती. त्यावर एक शब्द?

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी तो बोलला.

"तुही पेटी बरोबर वाजत नोहती."

मला वाटलं, टाक्यांचा ताप डोक्यात गेला.

"सगळे ठोके सारखे पडत होते," तो छताकडे पाहतच म्हणाला. "सारख्या अंतरावर. डफडं असं नसते. मानूस चालते, जरासा थबकते, मंग पाय टाकते. तिसरा ठोका मांगून याले पायजे. पयल्याच दिवशी आइकलं म्या. दारात उभा राहून सगळं आइकलं, मंग लाथ मारली."

जबडा बांधलेला होता म्हणून तो वाचला, नाहीतर मी काय बोललो असतो देव जाणे. वर्षभर मी मान मोडून ते केलं, त्यानं ते लाथाडलं, मी ते त्याच्यासाठी फोडलं, आणि आता तो मला चूक सांगत होता. मी उशी भिरकावली. ती त्याच्या पोटावर पडली. त्यानं ती बाजूला केली, कुशीवर वळला, आणि उजवा हात खाटेच्या लोखंडी पट्टीवर ठेवला.

"आईक," तो म्हणाला.

आणि त्यानं वाजवलं. बोटांनी, लोखंडावर. छप्पन सालानंतर त्याच्या हातातून निघालेला तो पहिला ठोका. आधी हळू, मग मोकळा, आणि तिसरा ठोका खरंच मागून येत होता, कुणी वळणावर कुणासाठी थांबावं तसा. अख्खा वॉर्ड उठून बसला. कोपऱ्यातला एक म्हातारा हसायला लागला. मी रडत होतो आणि ते मी लपवलं नाही. त्या हाताची बोटं एकूण एक हलत होती.

नर्स धावत आली. "ओ बाबा, हे काय चालवलंय? दवाखाना आहे हा. कुणाच्या लग्नाला आलात का?"

बानं हात थांबवला नाही.

"पोराले शिकवून राह्यलो, बाई," तो म्हणाला. "त्याले आजवर कोनी शिकवलंच नाई."